नशिराबादचे कोळी

नशिराबादहून समुद्र तीनेकशे किलोमीटर लांब, तरी शाळेचं गॅदरिंग आलं की निम्मा वर्ग कोळी होतो. ड्रेस जळगावहून भाड्याने येतात. पाठीला सेफ्टीपिनांची रांग, काखेत गेल्या वर्षीच्या कोळ्याचा घाम. कुरकुर केलीच तर दुकानदार म्हणतो, ‘ताई, स्टेजवर कोनाले दिसते?’ पोर किती वाढलं, हे दरवर्षी पिना कमी होतात त्यावरून कळतं.

वेस्टर्नचे पांढरे बूट मात्र विकतच घ्यावे लागतात. तेही दोन नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून. खानदेशात त्याला काय तोटा!

मग मुलगी कथ्थकला जाते आणि वडिलांना हायसं वाटतं: नाच अनवाणी, चपला दाराबाहेर. तेवढ्यात घुंगरांची चिठ्ठी येते. पितळी हवेत, सुती दोरीत एकेक गाठ मारून ओवलेले, एकेका पायात शंभरपर्यंत. ‘बूट नसताना एवढा खर्च?’ वडील विचारतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा 7 परीक्षा होईतो त्यांचा आवाज बसतो.

लग्नाच्या बायोडेटात हे सगळं अर्ध्या ओळीत मावतं. छंद: नृत्य, स्वयंपाक.