मनोगतकर

जानेवारी संपत आला, की भाईंदरच्या मराठी शाळांमधल्या दहावीच्या वर्गापुढे एक मोठा प्रश्न उभा राहतो. प्रिलिमचे पेपर तपासून हातात आलेले असतात, बीजगणितात किती पडले हे घरी अजून सांगायचं असतं, पण प्रश्न तो नव्हे. निरोप समारंभात मुलांच्या वतीने बोलणार कोण, हा खरा प्रश्न. बाई विचारतात तेव्हा हुशार मुलं वहीत डोकं घालतात, मागच्या बाकावरची खिडकीबाहेर बघू लागतात आणि मुली एकमेकींना कोपरानं ढोसतात. एक जण मात्र बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत उभा असतो. त्याचं खरं नाव काहीही असो, आपण त्याला मनोगतकर म्हणू.

मनोगतकर वर्गात पहिला नसतो आणि शेवटचाही नसतो. तो वर्गातच नसतो. खडू संपले, पळाला मनोगतकर. नोटीस फिरवायची आहे, पाहुण्यांना चहा सांगायचा आहे, स्नेहसंमेलनाच्या सतरंज्या मोजून परत करायच्या आहेत, प्रोजेक्टरची वायर सापडत नाही. प्रत्येक वेळी मनोगतकरच. शिपाईमामा त्याला ‘अरे-तुरे’च्याही पुढे जाऊन ‘पार्टनर’ म्हणतात. कोणत्या बाईंचा उपवास कोणत्या वारी, कोणत्या सरांना चहात साखर चालत नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. पायथागोरसचं प्रमेय तेवढं नसतं, कारण ते शिकवलं त्या दिवशी तो गॅदरिंगचा पडदा इस्त्री करून आणायला गेला होता. माझं तर मत असं आहे, की शाळेच्या आठवणी सगळ्यांत जास्त त्यालाच असतात, जो वर्गात सगळ्यांत कमी बसला. बसणाऱ्यांच्या लक्षात फक्त फळा राहतो, आणि पुढे बसलेल्याची मान.

समारंभाच्या दिवशी मुली आईच्या साड्या सांभाळत येतात, मुलगे मोठ्या भावाच्या ब्लेझरात बुडालेले असतात. प्रास्ताविक होतं, मुख्याध्यापिकाबाई हॉलतिकीट जपून ठेवण्याचा कानमंत्र देतात, आणि मग सूत्रसंचालन करणारी मुलगी त्याचं नाव घेते. तो खिशातून घडी घातलेला कागद काढतो. त्या कागदावर कुठे थांबायचं, कुठे आवंढा गिळायचा, हे पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. पहिलंच वाक्य: ‘बालवाडीपासून आपण सगळे एकत्र वाढलो.’

इथे मीरा-भाईंदरच्या रहिवाशांनी जरा थांबून विचार करावा. या गावाची नगरपालिका झाली 1985 साली, महानगरपालिका 2002 साली. 1991च्या जनगणनेत इथे पावणेदोन लाख माणसं होती, 2001 साली ती पाच लाखांवर गेली आणि 2011 साली आठ लाखांवर. ही सगळी माणसं काही मिठागरांतून उगवली नाहीत. कोणी गिरगावातली, कोणी परळमधली खोली सोडून ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ या बिल्डरच्या वचनावर विश्वास ठेवून आली (ती दहा मिनिटं कोणाच्या पायांनी, हे अजून कळलेलं नाही), कोणी थेट कोकणातून ट्रंक घेऊन उतरली. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले बरोबर होतेच. त्यामुळे इथल्या वर्गात दर जूनला नवे चेहरे. एक पाचवीत लालबागहून आलेला, एक सातवीत रत्नागिरीहून आलेली, एक तर दिवाळीच्या सुट्टीनंतर अचानक तिसऱ्या बाकावर बसलेला दिसला, तो कुठून आला हे कोणी विचारलंही नाही. मुळातली म्हणावी अशी राई, मुर्धा, मोर्वा, उत्तनकडची चार मुलं. आणि मनोगतकर? तो आठवीत आला. तरीही ‘बालवाडीपासून’ म्हटल्याबरोबर अख्खा वर्ग मान डोलावतो. मुर्ध्याचा पोरगा, ज्याला बालवाडी खरोखरच आठवते, तोही डोकं खाजवत बसतो: हा होता वाटतं तेव्हा!

मग सहल येते. एस्सेलवर्ल्ड चालू होतं तोवर आसपासच्या शाळांची सहल तिथे जाणार हे ठरलेलं. मुंबईची मुलं तिथे बोटीनं जात. आपल्या मुलांची बस भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्यानं थेट गोराईला. वाटेत सुक्या बोंबलांचा वास आला, की खिडक्या लावायच्या, आणि उत्तनची मुलं खिडक्या पुन्हा उघडणार. एवढंच काय ते नाट्य. मनोगतकराच्या भाषणात मात्र बोट असते. ती हलते. बाई घाबरतात, त्याचा हात धरतात. समोर बसलेल्या बाई आधी चकित होतात, मग लाजून हसतात, आणि पुढच्या वर्षी स्टाफरूममध्ये ‘ती बोट हलली होती ना’ म्हणून स्वतःच सांगू लागतात.

गणिताच्या सरांचा उल्लेख आवंढ्याच्या जागी येतो. सरांनी फेकून मारलेलं डस्टर हा त्यांच्या मायेचा स्पर्श होता, असं तो सांगतो. डस्टर लागलं होतं दुसऱ्याला, हा तपशील गौण. सर चष्मा पुसतात, डस्टर लागलेला मुलगाही डोळे पुसतो. मुख्याध्यापिकाबाई तेवढ्या घड्याळाकडे बघतात. ते घड्याळ मागच्या कुठल्यातरी बॅचनं दिलेलं असतं. निरोपाची भेट म्हणून घड्याळ देण्याची चाल इतकी जुनी आहे, की शाळेत वेळ बघायची तर आधी बॅच ठरवावी लागते. म्हणून यंदा मनोगतकरानं वेगळं काढलं. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, त्यातल्या एका ठिकाणी त्याच्या मामाची ओळख. वर्गणीतून तोटीचं पिंप आलं. त्यावर मशीननं नाव घातलं: ‘दहावी अ कडून सप्रेम भेट’. त्याच्याखाली, तोटीच्या जरा वर, बारीक अक्षरांत मनोगतकराचं नाव. अशी नम्रता पाणी पिणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येते.

2020च्या मनोगतकराचं भाग्य काही औरच. फेब्रुवारीत त्यानं ‘परीक्षेला धैर्यानं सामोरं जाऊ’ असं छाती पुढे काढून सांगितलं, आणि 23 मार्चला व्हायचा भूगोलाचा पेपर कोरोनामुळे आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. बाकीच्या विषयांच्या सरासरीनं गुण मिळाले. ज्याला कर्कवृत्त महाराष्ट्राच्या वरून जातं की खालून हे माहीत नव्हतं, तो उत्तम भूगोलज्ञ ठरला. जिनं नकाशे रंगवून वही भरली, ती अजून चडफडते. मनोगतकर या घटनेचं श्रेय घेत नाही, पण नाकारतही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीच्या बॅचची तर सगळी परीक्षाच रद्द. नववीचे आणि दहावीचे अंतर्गत गुण धरून 16 जुलै 2021ला निकाल लागला, 99.95 टक्के. त्या वर्षी बोलायला सभागृह नव्हतं. तरी मनोगतकर मोबाइलसमोर शाळेचा शर्ट आणि खाली बर्मुडा अशा वेशात उभा राहिलाच. ‘आवाज येतोय का?’ हे त्या वर्षीच्या भाषणाचं पहिलं वाक्य. ‘ज्या बाकांवर आपण दहावीचं वर्ष काढलं’ असं तो म्हणाला तेव्हा त्या बाकांवर वर्षाची धूळ होती, आणि ऐकणाऱ्यांतले निम्मे पलंगावर आडवे होते. तेही गहिवरले. काय बोलावं!

पंचवीस वर्षांनी हाच गृहस्थ पोट पुढे घेऊन उत्तनकडच्या एखाद्या रिसॉर्टवर बॅचचं संमेलन भरवतो. सरांना शाल-श्रीफळ, गणवेशाच्या रंगाचे टी-शर्ट, सकाळी पोहे, आणि हजेरी. हजेरीपटाची झेरॉक्स त्याच्याकडे असते; ती कशी मिळाली ते शिपाईमामांना ठाऊक. नावं पुकारली जातात, आणि शाळेत ज्याच्या नावापुढे ‘बाहेर गेला आहे’ असंच उत्तर यायचं, तो सर्वांत मोठ्यानं ‘हजर’ म्हणतो.

त्याची टिंगल करणं सोपं आहे, मी आता तेच केलं. पण निवृत्त बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन कोणत्या दवाखान्यात झालं, तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा आता कुठे असतो, हे वर्गातल्या पहिल्या दहांना विचारून बघा. त्यांना फक्त स्वतःचे टक्के आठवतील. तेव्हा यंदा मनोगतकराचा फोन आला, तर मीटिंगमध्ये आहे असं सांगू नका. वर्गणी पहिल्याच फोनला देऊन टाका, हिशेब मागू नका. पेढ्यांचे शेवटचे पैसे त्यानं स्वतःच्या खिशातून घातलेले असतात. आणि ‘तू पण होतास ना रे त्या बोटीत?’ असं त्यानं विचारलंच, तर ‘होतो’ म्हणा.