हर्णैला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

आधी सुट्टी. ती जून-जुलैत घेऊ नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, आणि तुमच्या ताटात येते ती सुरमई बर्फात बरेच दिवस काढून आलेली असते. जायचंच असेल तर सुकट मागा. जवळ्याची चटणी आणि तव्यावरची तांदळाची भाकरी पुढ्यात आल्यावर ताज्या मासळीचं नाव काढणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पायांत रबरी चप्पल असावी. पांढरे बूट घातलेत तर ते बंदरावर पाच मिनिटं पांढरे राहतील. परतीच्या एसटीत मात्र शेजारची सीट रिकामी मिळेल.

आता घड्याळ काढून खिशात टाका आणि तिथी पाहा. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला बाराच्या आसपास. दिवसा-रात्रीत अशी दोनदा, आणि मध्ये सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मी उशिरा शिकलो. ऐन अष्टमीच्या दुपारी बाराला किल्ल्यावर जायला म्हणून किनाऱ्यावर उभा राहिलो. होडी वाळूत कुशीवर झोपलेली, होडीवाला तिच्या सावलीत.

"पानी येऊंदे."

"किती वाजता येईल?"

"आज तिथी कोनती?"

मला माहीत नव्हती. त्याने डोळे मिटून घेतले. प्रश्न सोपा होता, नापास मी झालो होतो.

किल्ला म्हणजे सुवर्णदुर्ग. दरवाजाशी पायरीवर कासव कोरलंय, भिंतीवर मारुती; दोघांना नमस्कार करून आत जावं. कान्होजी आंग्र्यांचं नाव घेताना सगळ्यांची छाती फुगते, ती फुगू द्यावी. पुढची गोष्ट मात्र कुणी फारशी रंगवून सांगत नाही. १७५५ मध्ये हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला इंग्रज कमोडोर जेम्सने, पण त्याच्या बाजूला पेशवे होते. पुढच्याच वर्षी विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जळालं, तेही याच जोडीच्या मोहिमेत. घरातल्या भांडणात शेजाऱ्याला बोलावण्याचा यापेक्षा महाग प्रकार मला आठवत नाही. हे गावात मोठ्याने बोलू नये.

विजयदुर्गालाही जाणार असाल तर तिथे 'साहेबाचे ओटे' दाखवतील आणि हेलियमचा शोध इथेच लागला म्हणून सांगतील. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरसाहेब विजयदुर्गाला आले ते १८९८ च्या ग्रहणाला. हेलियमची ती पिवळी रेषा त्यांनी तीस वर्षं आधी इंग्लंडातून पाहिली होती. वाद घालू नका. ओटे खरे आहेत, त्यांवर बसता येतं.

संध्याकाळी हर्णैचा लिलाव. यासाठी बाकी काही नाही पाहिलंत तरी चालेल. मोठ्या होड्या आत पाण्यात नांगरलेल्या. तिथून छोट्या होड्यांत माल उतरतो आणि त्याला न्यायला बैलगाड्या थेट समुद्रात शिरतात. बैलांच्या पोटाला लाट लागते, गाडीवान दोरी धरून उभा, आणि बैलांच्या चेहऱ्यावर मात्र चिखलातून शेताला निघाल्याचा भाव. ओल्या वाळूत कोळंबीचे, बांगड्यांचे ढीग पडतात, भोवती माणसांचं कोंडाळं होतं, कुणीतरी भर्रकन आकडे बोलत जातं आणि तुम्हाला पहिला आकडा कळेपर्यंत ढीग विकला गेलेला असतो. इथे नवशिक्याने हात खिशातच ठेवावेत. तुम्हाला हवीत दोन पापलेटं. ढीग आहे टेम्पोभर.

दोन पापलेटं बाजूला पाट्या घेऊन बसलेल्या बायकांकडे मिळतात. मावशी म्हणा. कल्ला उचलून लाल आहे का बघा, पण बघितलंत तर घ्यायची तयारी ठेवा. दहा मासे चिवडून उठलात तर जे ऐकाल ते मी इथे छापू शकत नाही. भाव निम्म्यावर आणायचं तंत्र शहरातून शिकून आला असाल, तर ते शहरातच ठेवा. फोटो विचारून काढावा आणि 'नको' म्हटलं की फोन खाली करावा. रात्र पाण्यात काढून आलेल्या माणसाला तुमचा सूर्यास्त व्हायचं नसतं.

गाव शांत आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर त्याने बंदर पाहिलेलं नाही. डिझेल, हाका, कावळे, बर्फ फोडल्याचा आवाज. शांतता असते ती भर दुपारी गल्ल्यांत, ओसरीवर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्यापुरती. त्या वेळी दार ठोठावून कुठे काय बघण्यासारखं आहे असं विचारू नये. आत तांडेल झोपलेला असतो.

दक्षिणेला निघाल्यास दाभोळ लागतं. पोर्तुगीजांनी १५०८ च्या अखेरीस ते जाळलं. त्याआधी जहाजांनी गजबजलेलं बंदर होतं. आज फेरीबोट गाडीसकट धोपाव्याला सोडते.

आणि दापोलीला परतायचं असेल तर मुक्कामाची एसटी पहाटेच निघते. नक्की किती वाजता, ते रात्री जेवणाआधी कंडक्टरला विचारून ठेवा. जेवणानंतर तो झोपतो.