आठवडा पहिला

आमच्या आप्पामामांना फोन करून ‘काय चाललंय?’ विचारलं, की ते पाऊस, कापसाचा भाव, गुडघे यांपैकी कशाबद्दलही बोलायचे नाहीत. म्हणायचे, ‘‘आठवडा पहिला.’’ सात वर्षं त्यांचा पहिलाच आठवडा चालू होता. विषय तेवढा बदलायचा. कधी पायथन, कधी क्वांटम मेकॅनिक्स, कधी डेटा सायन्स. एकदा तर सागरी अभियांत्रिकी होती. धुळ्याहून समुद्र किती लांब, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘‘अंतर विचारू नको, फी विचार. शून्य.’’

आप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. धुळे स्टँडवर खिडकीच्या आत बसून त्यांनी छत्तीस वर्षं दुसऱ्यांना गावाला पाठवलं. खिडकीपलीकडच्या माणसाला कुठं जायचंय हे त्यानं तोंड उघडण्याआधी ते ओळखत, आणि तोंड उघडल्यावर ‘गाडी गेली’ एवढंच सांगत. 2016 च्या मे महिनाअखेर शाल-श्रीफळ घेऊन घरी आले. त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओ सुरू झालं. रिकामा माणूस आणि फुकटचं इंटरनेट यांची गाठ पडली की एकतर राजकीय विश्लेषक तयार होतो, नाहीतर विद्यार्थी. मामीच्या पूर्वपुण्याईनं आप्पा विद्यार्थी झाले.

त्यांच्या भाच्यानं, म्हणजे मीच, त्यांना एनपीटेल दाखवलं. सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएस्सी यांनी 2003 साली सुरू केलेला हा उद्योग. अख्खे कोर्स घरबसल्या, फुकट. मग त्यांचं त्यांनीच शोधून काढलं की अमेरिकेतल्या एमआयटीनं त्याच्याही दोन वर्षं आधी आपले वर्ग जगाला उघडे करायचं जाहीर केलं होतं. आप्पा रात्रभर झोपले नाहीत. सकाळी मला फोन. ‘‘अरे, आपण दहावीला गणितात पस्तीस मिळाले म्हणून एसटीत लागलो. आणि हे लोक दार उघडं टाकून बसलेत?’’

या जातीचा माणूस तुमच्याही घरात असेल. ओळखण्याच्या खुणा सांगतो. त्याच्याकडे दोनशे पानी वह्या भरपूर असतात आणि प्रत्येकीची पहिली बारा पानं भरलेली असतात. पहिल्या पानावर श्री, विषयाचं नाव, प्राध्यापकाचं नाव आणि दोन रंगांत चौकट. दहाव्या पानापर्यंत अक्षर मोत्यासारखं, अकराव्यावर घाई, बाराव्यावर फक्त तारीख. प्राध्यापकांचा उल्लेख तो भावकीतल्यासारखा करतो. ‘‘आपले मुकुंदसर म्हणत होते’’ असं आप्पा म्हणाले की मला धुळ्याच्या एखाद्या क्लासचे मुकुंदसर आठवायला लागायचे. ते निघायचे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद.

एमआयटीचे गिल्बर्ट स्ट्रँग 15 मे 2023 रोजी शेवटचा तास घेऊन निवृत्त झाले, तेव्हा तर घरात सेंडऑफच झाला. आप्पांनी आपल्याच सेंडऑफची शाल कपाटातून काढून टीव्हीवर घातली, समोर नारळ ठेवला आणि डोळे पुसत म्हणाले, ‘‘एकसष्ट वर्षं नोकरी! वय अठ्ठ्याऐंशी! आमच्याकडे अठ्ठावन्नला घरी धाडतात.’’ स्ट्रँगसरांची लिनिअर अल्जिब्राची चौतीस व्याख्यानं आहेत. आप्पांनी त्यातली दोन पाहिली होती. पण नारळ पूर्ण फोडला.

कुणी हसलं की आप्पा अमळनेरचा दाखला देतात. ‘‘1945 साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. त्याचीच पुढे विप्रो झाली. डब्यातल्या तुपातून सॉफ्टवेअर निघतं, मग एसटीतून का निघू नये?’’ यावर आजवर कुणालाही उत्तर सुचलेलं नाही.

अडचण एवढीच की आप्पा शिकतात ते एसटीच्या हिशेबानं. पायथनच्या पहिल्याच आठवड्यात यादीतली मोजणी शून्यापासून सुरू होते असं सांगितलं, तिथंच गाडी थांबली. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत. आप्पांनी चष्मा काढला. ‘‘गल्ली नंबर एक आहे, दोन आहे, चार आहे, सहा आहे. गल्ली नंबर शून्य मला दाखव. पोस्टमन मरेल बिचारा.’’ त्यावर दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला, ‘‘शून्य म्हणजे स्टँड. गाडी स्टँडवर उभी असते तेव्हा किलोमीटर किती? शून्य. मग बरोबर आहे.’’ मी आजवर बऱ्याच जणांकडून हे ऐकलंय. इतकं चोख कुणी सांगितलं नव्हतं.

पण पुढं रेंज आली. पायथनला एक ते पाच मोज म्हटलं तर तो चारलाच थांबतो. शेवटचा आकडा धरत नाही. आप्पा खवळले. ‘‘म्हणजे बोर्डावर धुळे ते शिरपूर लिहायचं आणि शिरपूरचे पॅसेंजर नरडाण्यालाच उतरवायचे? तक्रार वहीत लिहितील लोक!’’ ही तक्रार मात्र मिटली नाही. तो कोर्स नरडाण्यालाच सुटला.

आपण कोर्स अर्धवट का सोडतो, याचं शास्त्र आप्पांना ठाऊक होतं, फक्त ते त्यांना स्वतःला लागू करता येत नव्हतं. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून फुकट प्रवास आहे. त्यावर आप्पांचं निरीक्षण असं: ‘‘तिकीट काढलेला माणूस तिकिटाच्या गावापर्यंत जातो. फुकटवाला, वारा कुठं चांगला लागतोय ते बघून उतरतो. मग दुसऱ्या गाडीत बसतो. दिवसभर प्रवास, पोचला कुठंच नाही.’’ हे सांगताना त्यांच्या मांडीवर बारा पानं भरलेली वही होती.

मग आहेराच्या वहीचं प्रकरण घडलं.

हार्वर्डच्या सीएस फिफ्टी नावाच्या कोर्सात प्राध्यापक डेव्हिड मालन टेलिफोन डिरेक्टरी घेऊन उभे राहतात. नाव शोधायचंय. मधोमध उघडतात, नाव कुठल्या बाजूला असणार ते बघतात, आणि उरलेली अर्धी डिरेक्टरी फाडून फेकतात. पुन्हा मध्य, पुन्हा अर्धी. हजार पानं असली तरी दहा वेळांत नाव हाती. आप्पा थरारले. हे मामीला दाखवायलाच हवं होतं. पण घरात डिरेक्टरी कुठली? फडताळात एक जाड वही होती. धाकट्या मुलीच्या लग्नातली आहेराची वही.

खानदेशात शेताचा सातबारा हरवला तर तलाठ्याकडून आणता येतो. आहेराची वही कुणाकडून आणणार? कुणी काय दिलं, किती दिलं, कुणाचं परत करायचं राहिलंय, हा सगळा व्यवहार त्या वहीवर उभा असतो. आप्पांनी ती मामीसमोर धरली, ‘‘कोणतंही नाव सांग,’’ म्हणाले, आणि मामी ‘‘एरंडोलवाल्या’’ म्हणताच शिवणीवरून टर्रकन दोन भाग केले.

नंतर ते त्या दोन भागांकडे बघत उभे राहिले. एरंडोलवाल्या कुठल्या भागात? डिरेक्टरी अकारविल्हे असते. आहेराची वही ही, मांडवात जो जसा आला तशी लिहिलेली. अर्धी फेकायची तर कुठली अर्धी? आधी क्रम लावलेला नसेल तर अर्ध्यात शोधण्याची युक्ती चालत नाही, हा धडा मालनसरांनीही सांगितलेलाच होता. पण तो फाडल्यानंतर थोडा पुढं येतो, आणि आप्पा फाडण्यापाशीच उठले होते.

‘‘ही वही कोनी फाडी?’’ मामीनं विचारलं. समोर एकच माणूस, त्याच्या दोन हातांत दोन भाग. पण खटल्याला रीत असते.

पुढचे चार दिवस आप्पांना कळण्याची भाकरी मिळाली, ठेचा मिळाला नाही. पाचव्या दिवशी मामीनं निकाल दिला: एवढं कंपुटर शिकताय ना, मग ही वही त्यात घालून द्या. मला नाव सांगितलं की आकडा दिसला पाहिजे. आणि त्यासाठी शिकायचं ते शेवटापर्यंत. तिनं मला फोन करून विचारलं, या कोर्साला पैसे भरायची काही सोय आहे का? मी म्हटलं, ‘‘मामी, शिकणं फुकट आहे. परीक्षा द्यायची तर हजार रुपये.’’ मामीनं भिशीतून हजार काढले.

चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. शके 1128 चा शिलालेख आहे. त्यात मठाला काय काय मिळायचं तेही कोरलंय: बाजारातल्या गिऱ्हाइकाकडून घ्यायच्या कराचासुद्धा वाटा. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीही आपल्याच मुलखात गणिताचे पैसे बाजारहाट करणाऱ्यांनी भरले. मामीनं परंपरा राखली.

‘‘हजार रुप्या भरेल शेत. आते बठा,’’ मामी म्हणाली, आणि आप्पांच्या आयुष्यात पहिल्यांदाच दुसरा आठवडा उगवला.

कोर्स आठ आठवड्यांचा, मुकुंदसरांचाच. गृहपाठ बुधवारी रात्री बारापर्यंत द्यायचा. छत्तीस वर्षं दुसऱ्याच्या गाड्या वेळेत सोडणाऱ्या आप्पांवर आता नियंत्रक बसला. मामी भिंतीवरच्या कॅलेंडरात बुधवारांना कुंकू लावायची. नऊ वाजता जेवणं, दहाला ‘फलाटावर या’, पावणेबाराला ‘गाडी निंघनी’. इंग्रजी कळत नसेल तिथं आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलची मराठी चित्रफीत लावायची, असं मी सुचवलं. तो मराठी आवाज स्वयंपाकघरापर्यंत जायचा. एका रात्री प्रोग्रॅम काही केल्या चालेना. आप्पा तासभर स्क्रीनकडे बघत होते. मामी बिबड्यांचा डबा ठेवायला आली, खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, ‘‘ती एक ओळ बाहेर आलीय. बाकीच्या आत आहेत.’’ पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली यावर सगळं अवलंबून असतं. लुगड्याच्या निऱ्या जन्मभर सारख्या करणाऱ्या बाईला ते न शिकता दिसलं. आप्पांनी ओळ आत घेतली. प्रोग्रॅम चालला. ते खुर्चीत वळून बघतात तो मामी ओट्याशी पोचलेली.

परीक्षेचं केंद्र जळगावला आलं. मी जळगावलाच राहतो, पण मामीचा भरवसा नव्हता. ती स्वतः सोबत आली. आप्पांनी पारोळा-एरंडोल मार्गे आणि अमळनेर-धरणगाव मार्गे अशा दोन्ही वाटांचा कमीत कमी अंतराचा अल्गोरिदम वहीत मांडला होता. मामीनं जी गाडी आधी लागली तिच्यात त्यांना बसवलं. बांभोरीशी गिरणेच्या अलीकडं विद्यापीठाची पाटी दिसली तेव्हा आप्पांनी हात जोडले. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचं नाव 2018 पासून विद्यापीठाला आहे, आणि मी इथं तीन तासांचा पेपर द्यायला चाललोय, असं ते पुटपुटले. मामी म्हणाली, ‘‘हॉल तिकीट घेतलं का?’’

आप्पा पास झाले. मार्क विचारू नका. प्रमाणपत्र देवघराशेजारी लावलंय, एसटीच्या सेंडऑफच्या फोटोच्या वर.

आहेराची वहीही पुरी झाली. दोन्ही भागांतली चारशे बारा नावं आप्पांनी टाइप केली, अकारविल्हे लावली. उद्घाटनाला मला बोलावलं होतं. मामीनं पदर खोचला आणि पहिलंच नाव टाकायला सांगितलं, ‘‘एरंडोलवाल्या.’’ आप्पांनी बटण दाबलं. पडद्यावर आलं: 25 रुपये.

मामी हसायला लागली. पंचवीस? आहेरात पंचवीस कोण देतं? अकरा देईल, एकवीस देईल, एकावन्न देईल. वरचा एक रुपया टाकल्याशिवाय आहेर होतो का? ‘‘तुम्हना मशीनले सांगा, दोनशे एक्कावन.’’

आम्ही फाटकी वही काढली. एरंडोलवाल्यांचं पान बरोबर मधलं होतं, आणि आप्पांच्या त्या टर्रकनमध्ये शेवटचा 1 शिवणीत राहून गेला होता. मोठमोठ्या बँका चुकीचा आकडा पकडायला शेवटी एक तपासणीचा अंक ठेवतात. आपल्या बायकांनी तो प्रत्येक आहेराला लावून ठेवलाय, आणि आपण त्याला शुभशकुन म्हणत बसलो.

आप्पा काही बोलले नाहीत. चष्मा लावला, प्रोग्रॅम उघडला आणि सावकाश काही ओळी वाढवल्या. मी खांद्यावरून वाचल्या. रकमेला दहानं भागून एक उरला, तर रक्कम दाखव. नाहीतर: मामीला विचार.

शेवटची ओळ त्यांनी नीट आत सरकवली.