थ्रो पाहिजे का फ्लड?

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात रात्री आठनंतर पाऊल टाका. पहिलं कुत्रं भुंकायच्या आत तुमच्या तोंडावर उजेड पडेल आणि उजेडामागून आवाज येईल, "कोण हाय?" तुम्ही डोळ्यांवर हात धरून नाव, गाव, कुणाकडे आलात हे सगळं सांगून मोकळे व्हाल, तरी उजेड हलणार नाही. कारण त्या माणसाला तुमच्या नावागावाशी काही देणंघेणं नसतं. तुमच्या तोंडून "अबाबा, काय उजेड हाय!" एवढंच त्याला ऐकायचं असतं. ते ऐकलं की बॅटरी खाली येते, मागचा माणूस दिसू लागतो आणि चहा टाकायला सांगितला जातो.

आमच्या गावात या पदावर अण्णा आहेत. त्यांच्याविरुद्ध कुणी फॉर्म भरत नाही.

अण्णांचं शेत पाथरी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली. सात एकर, थोडा ऊस, थोडा हरभरा, विहिरीवर मोटार. शेतीच्या फीडरला थ्री फेज लाइट पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बाराच्या पुढे आखाड्यावर जाऊन स्टार्टर दाबायचा आणि पहाटेपर्यंत चिखलात दारं धरायची. डिसेंबरात परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा पेपरात छापून येतो. तो वाचून पुण्यातली माणसं पांघरूण ओढून घेतात, इथं त्याच पाऱ्यात सरीला पाणी वळवायचं असतं. वाटेत मण्यार असते, घोणस असते, हरभऱ्यात रानडुकरं घुसलेली असतात. तेव्हा बॅटरी ही आमच्याकडे हौस नाही. हौस फक्त अण्णांची.

ही हौस वडिलोपार्जित आहे. अण्णांच्या वडिलांकडे एव्हरेडीची पितळी 'जीवनसाथी' होती, तीन मोठ्या सेलची. घरात त्यामुळं दोन जीवनसाथी झाल्या आणि वडील रात्री कुणाला उशाशी घेऊन झोपत हे अण्णांची आई मरेपर्यंत विसरली नाही. सेल उतरले की ते माळवदावर उन्हात टाकायचे, पुन्हा दोन रात्री ढकलायच्या, मग त्यांतल्या काळ्या कांडीनं पोरांनी भिंतीवर अ आ इ ई काढायचं. मोटारीच्या वेळेला लागायची तीच बॅटरी लग्नाला जाताना दिवसाउजेडी खांद्याला अडकवली जायची. गोठ्यात रेडकू झालं, कुणाच्या घशात माशाचा काटा अडकला, कुणाची घागर विहिरीत पडली की गावातून हाक यायची. बॅटरी मागितली तर मिळायची नाही. बॅटरीसोबत वडील यायचे.

अण्णांनी हा वसा घेतला, पण वडिलांना एक सुख होतं ते अण्णांच्या वाट्याला आलं नाही. वडिलांना निवड करावी लागली नाही. दुकानात दोन सेलची होती आणि तीन सेलची होती. अण्णांपुढे मात्र सगळं जग पडलेलं आहे. घरात आज डझनाला एक कमी इतक्या बॅटऱ्या आहेत आणि बारावीची निवड मागच्या दसऱ्यापासून चालू आहे. पोरगी बघायला एवढे दिवस लावले असते तर थोरल्याला बायको मिळाली नसती, असं काकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, म्हणतात.

बारावी बॅटरी 'रोज जवळ बाळगायची' म्हणून घ्यायची आहे. म्हणजे ती पैरणीच्या खिशात मावली पाहिजे, खिसा लोंबला नाही पाहिजे, आणि तरीही टॅक्टिकल पाहिजे. टॅक्टिकल म्हणजे काय, हे अण्णा पारावर समजावून सांगतात. बटण बुडाशी पाहिजे, म्हणजे मुठीत धरून अंगठ्यानं दाबता येतं. अर्धवट दाबलं की लागावी, सोडलं की विझावी. पहिल्याच दाबाला पूर्ण उजेड पडावा, कारण पोलिसाला किंवा जवानाला हळू, मध्यम, मोठा असे तीन दाब मोजत बसायला वेळ नसतो. तोंडाच्या कडेला मुकुटासारखे दाते पाहिजेत, समोरच्यावर वेळ आली तर. आणि स्ट्रोब पाहिजे, म्हणजे डोळे दिपवणारी लुकलुक, जिच्यानं अंगावर येणारा माणूस गांगरतो. "अण्णा, तुमच्या अंगावर कोण येतंय?" असं एकदा चेअरमननी विचारलं. अण्णा म्हणाले, "येत नाही कोणी. याच्यामुळंच."

स्ट्रोबचा प्रयोग त्यांनी रानडुकरांवर केलेला आहे. डुकरांनी मान वर करून थोडा वेळ पाहिलं आणि त्याच उजेडात हरभरा आणखी नीट निवडून खाल्ला. वाया मात्र तो स्ट्रोब गेला नाही. पुढे पुतण्याच्या वरातीत जनरेटर बंद पडलं तेव्हा पोरांनी अण्णांना उचलून बँडच्या गाडीवर बसवलं आणि अर्धा तास नाचून घेतलं. लष्करासाठी काढलेल्या सोयीचा इतका निर्मळ उपयोग दुसरीकडे कुठं झाला असेल असं मला वाटत नाही.

अण्णांचा अभ्यास मात्र खरा आहे, तिथं हसायचं काम नाही. शहरात नोकरीला असलेल्या साहेबाला ल्युमेन आणि कॅन्डेला यांतला फरक विचारून बघा. अण्णा सांगतील, की ल्युमेन म्हणजे बॅटरीतून एकूण उजेड किती निघतो ते आणि कॅन्डेला म्हणजे तो एका दिशेला किती जोरानं जातो ते. एकवटलेला झोत लांब जातो तो थ्रो, पसरलेला उजेड जवळचं सगळं दाखवतो तो फ्लड. "शेजाऱ्याच्या वावरात कोण हाय बघायचं तर थ्रो, आपल्या पायाखाली काय हाय बघायचं तर फ्लड." यानंतर ते आवाज खाली आणून सांगतात, की आमच्याकडे सगळे थ्रोच घेतात.

खोक्यावरच्या आकड्यांवर तर त्यांचा विश्वास राहिलेला नाही. चांगल्या कंपन्या ज्या मापानं मोजतात ते 2009 साली अमेरिकेत ठरलं. त्या मापात 'तीनशे मीटर' याचा अर्थ तीनशे मीटरवर पाव लक्स उजेड पोचतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. "म्हंजे पुनवेला ही बॅटरी लावायची न् चांदणं बघायचं चांदण्यात," अण्णा म्हणतात. आणि 'चार तास चालते' याचा अर्थ उजेड मूळच्या एक दशांशावर येईपर्यंत चार तास. निवडून आलेल्या आमदारासारखं आहे हे. पहिली काही मिनिटं डोळे दिपतात, पुढची सगळी मुदत नुसतं 'चालू आहे' म्हणायचं. टर्बो म्हणून जो मोठा उजेड असतो तो एवढ्याशा नळीला गरम करतो, म्हणून बॅटरी एक-दोन मिनिटांत स्वतःच मवाळ होते. आणि डोळ्याला उजेड दुप्पट वाटायचा तर ल्युमेन चौपटीच्या आसपास लागतात. हे ऐकल्यावर ग्रामपंचायतीनं पथदिवे बदलायचा ठराव तहकूब केला होता.

सेलच्या बाबतीत ते आणखी कडक. आजकालच्या बॅटऱ्यांत 18650 नावाचा लिथियमचा सेल असतो. 18 मिलिमीटर जाडी, 65 मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य गोल आकाराचं. बाजारात त्याच्यावर 9900 एमएएच असं छापून विकतात. त्या मापाच्या खऱ्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मावतं. परभणीच्या उरुसात फेब्रुवारीत रस्त्याच्या कडेला ढिगानं बॅटऱ्या मांडलेल्या असतात, एकेकीवर लाखांचे ल्युमेन. अण्णा तिथं दोन-दोन तास उभे राहतात, विकत काही घेत नाहीत. येणाऱ्या गिऱ्हाइकाला सेलवरचा आकडा खोटा कसा, हे समजावून सांगतात. दुकानदारानं एकदा त्यांना चहा पाजला आणि हात जोडले.

टर्बोचं गरम होणं त्यांनी पुस्तकातून शिकलेलं नाही. सप्त्यात कीर्तन होतं, बुवा गंगाखेडचे. गंगाखेड हे जनाबाईंचं गाव, तिथल्या बुवांनी जनाबाईंवर बोलायला घेतलं की मंडप हलत नाही. अण्णा पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेले, खिशात दहावी बॅटरी. वाकून टाळ घेताना बुडाचं बटण दाबलं गेलं. बुवा म्हणत होते, की देव बाहेर शोधू नका, तो आतून उजळतो. आणि अण्णांची पांढरी पैरण छातीपाशी आतून उजळली. मागच्या बायांनी हात जोडले. बुवांना वाटलं आपलं निरूपण आज रंगलं, त्यांनी आवाज चढवला. अण्णांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटत होते ते सगळ्यांना भक्तीचेच वाटले. कापडाचा वास यायला लागला तेव्हा मृदंगवाल्यानं तांब्याभर पाणी ओतलं. बॅटरीला काही झालं नाही, ती पाण्यात बुडवली तरी चालणारी होती. पैरणीला रुपयाएवढं भोक पडलं. त्या आठवड्यात दोन बाया अण्णांच्या पाया पडून गेल्या.

यावरचा उपाय अण्णांना ठाऊक होता. बुडाचं झाकण पाव फेरा सैल केलं की आतला प्रवाह तुटतो, बटण कितीही दाबलं तरी बॅटरी लागत नाही. खिशात ठेवताना झाकण सैल करायचं, काढताना आवळायचं. तेव्हापासून ते नेमानं सैल करतात.

मग आषाढात शेजारच्या न्हाणीत साप निघाला. गाव लाइटविना, पाऊस भुरभुर. पोरं ओरडत आली, अण्णा धावत निघाले. दारातच त्यांनी विचारलं, "थ्रो पाहिजे का फ्लड?" साप कुठं आहे हेच ठाऊक नसल्यानं कुणाला उत्तर देता आलं नाही. अण्णांनी फ्लड ठरवला, ती बॅटरी काढली, बटण दाबलं. लागली नाही. पुन्हा दाबलं. सेल उतरला म्हणून तो काढून दुसरा घातला, तोही लागेना. दुसरी बॅटरी काढली. तिचंही झाकण सैल. काकूंनी तोवर मोबाइल जमिनीलगत आडवा धरला होता. उजेड आडवा पडला की ढेकळाचीसुद्धा सावली लांबते आणि पडलेलं काही लपत नाही. दगडाआड मण्यार होती, काळीभोर, अंगावर पांढरे आडवे पट्टे. सर्पमित्र पोचून तिला बरणीत घालून घेऊन गेला तेव्हा अण्णा म्हणत होते, "थंड पांढरा उजेड होता तो, मोबाइलचा. पिवळसर उजेडात रंग नीट कळतात. घोणस असती वाळक्या पाल्यात तर दिसली नसती." हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. अण्णांचं सगळं म्हणणं नेहमी बरोबरच असतं, एवढीच त्यांच्याबद्दल गावाची तक्रार आहे.

खरं सांगायचं तर आमच्या शिवारात लागणारी बॅटरी अण्णांच्या सालगड्यानं केव्हाच निवडली आहे. ती डोक्याला बांधायची, आठवडी बाजारातली, दीड-दोनशे रुपयांची. तिचा उजेड दहा पावलं जातो आणि सरी तेवढीच दिसायची असते. दोन्ही हात फावड्याला मोकळे राहतात. मान जिकडं वळेल तिकडं उजेड. अण्णा तिला बॅटरी मानत नाहीत. रात्रीच्या पाळीला दोघं आखाड्यावर जायचे तेव्हा सालगडी पाणी वळवायचा आणि अण्णा बांधावर उभे राहून दूरच्या टेकडीवरच्या देवळाचा कळस उजळवायचे.

मागच्या वर्षी अण्णांच्या या सगळ्या साम्राज्यावर घाव पडला. धाकट्यानं 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत परस्पर फॉर्म भरला. पैसे भरले, पाहणी झाली, विहिरीजवळ प्लेटा उभ्या राहिल्या. आता ऊन आलं की मोटार चालते, पाच वाजता पाणी आटोपून माणसं घरी. गावानं पेढे वाटले. अण्णा पेढा हातात धरून म्हणाले, "दिवसा पाणी देतेत होय कुठं." आठ दिवस ते उजेडाकडे बघून बसून राहिले. काकूंना वाटलं आता बॅटऱ्यांचं कपाट रिकामं होणार, भांडी ठेवायला जागा होईल.

नवव्या दिवशी अण्णा ताठ उठले. पलीकडच्या शिवारात कुणाची तरी केबल चोरीला गेली होती. "प्लेटा राखायला कोण जाईल रात्री?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वहाणा घातल्या. आता थ्रोच लागणार होता, तीनशे मीटर तरी, आणि स्ट्रोबसुद्धा. टॅक्टिकल या शब्दाला आयुष्यात पहिल्यांदा चोर मिळण्याची आशा निर्माण झाली होती.

परवा मध्यरात्री सालगडी आखाड्यावर घोंगडी पांघरून बसला होता. अण्णा एकामागून एक बॅटरी काढून प्लेटांवर झोत टाकत, काचेला चरा गेलाय का बघत होते. सालगडी बराच वेळ बघत राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "या उजेडावर मोटार चालंल का?"

अण्णांनी बॅटरी विझवली. तो चेष्टा करतोय हे त्यांना कळलं असावं. पण थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा एक छोटा उजेड लावला, खिशातून चष्मा आणि पेन काढलं, खताच्या पावतीची कोरी बाजू मांडीवर पसरली आणि विचारलं, "मोटार किती हॉर्सची हाय रे आपली, पाचची का साडेसातची?"