गड दिसेल असं टेबल

पुण्याहून सिंहगडाकडे निघालं आणि खडकवासला मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खेडं सुरू होतं. खरं खेडं नव्हे. ते थोडं आत असतं आणि तिथे पार्किंग नसतं. रस्त्यालगतच्या या खेड्याला कमान असते, कमानीवर मशाली, मशालींत एलईडीचे दिवे आणि खाली पाटी: 'अनुभवा अस्सल ग्रामीण जीवन. शनिवार-रविवार आगाऊ बुकिंग आवश्यक.' हे ग्रामीण जीवन सकाळी अकराला उघडतं, रात्री अकराला बंद होतं आणि सोमवारी त्याला साप्ताहिक सुट्टी असते.

सिंहगडाला जाणं हा पुणेकरांचा जुना नेम. पहाटे आतकरवाडीतून पायवाट धरायची, धापा टाकत पुणे दरवाजा गाठायचा, देवटाक्याचं पाणी प्यायचं आणि मग एखाद्या मावशींच्या छपरात चटईवर बसून पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही हाणायचं. या कार्यक्रमात गैरसोय एकच होती, ती म्हणजे मधे गड यायचा. गाडीरस्ता झाला तेव्हा ती निम्मी मिटली. घाटाच्या तोंडाशी वनखातं गाडीमागे शुल्क घेतं, त्याला 'उपद्रव शुल्क' म्हणतात. सरकारी पावतीवर इतकं खरं सहसा छापलं जात नाही. उपद्रव रीतसर भरला की माणूस घाटातल्या कोंडीत शिरायला मोकळा. २०२२च्या मे महिन्यात खासगी गाड्या बंद करून इलेक्ट्रिक बस सोडून पाहिल्या. तो महिना सरायच्या आत बस खाली आल्या आणि गाड्या पुन्हा वर गेल्या.

उरलेली निम्मी गैरसोय पायथ्याच्या कॅफेनं मिटवली. आता गड मधे येतच नाही. तो समोर दिसतो.

दिसतो, म्हणजे त्याचे पैसे पडतात. मी ज्या कॅफेत गेलो होतो (नाव सांगत नाही, तिथे माती, मुळं, अंगण आणि ओसरी या चार शब्दांची अदलाबदल करूनच सगळ्यांची बारशी झालेली आहेत) तिथे टेबलांच्या तीन जाती होत्या. सर्वात वरची 'फोर्ट व्ह्यू'. टेबलामागे दोनशे रुपये जादा. मधली 'लेक व्ह्यू', म्हणजे खडकवासला धरणाचं पाणी. हेच पाणी पुणेकराच्या घरी नळाला येतं आणि तिथे तो त्याच्या दाबाबद्दल महापालिकेला शिव्या देतो. इथे तो त्याच्याकडे बघत शंभर रुपयांची सीलबंद बाटली पितो. तिसरी जात 'वेल व्ह्यू'. विहिरीला तळ आहे, तो जमिनीपासून तीन फुटांवर आहे आणि त्यावर निळ्या फरश्या बसवल्या आहेत. रहाट मात्र खरा. तो फिरवून बघायला लहान मुलांची रांग लागते आणि प्रत्येकाच्या हाती रिकामी बादली येते. ग्रामीण जीवनाचा एवढा एकच अनुभव तिथे बिनचूक मिळतो.

आत शिरल्यावर नजर ठरत नाही. बैलगाडीचं चाक छताला टांगून त्याचं झुंबर केलेलं. जात्याच्या तळ्या सिमेंटच्या खांबावर बसवून त्यांची टेबलं. पाट्यावर हात धुवायचं भांडं, उखळात निवडुंग, नांगर उलटा करून त्याला टोप्या अडकवायची सोय. बाजूच्या भिंतीवर विळा, खुरपं, पाभर, मोट ओढायचा नाडा, सगळं ओळीनं खिळ्यांना लटकवलेलं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिलं, त्यात अलुत्या-बलुत्यांचं एवढं बारीक वर्णन करायला त्यांना केवढे श्रम पडले असतील. इथे सगळा गावगाडा एका भिंतीत मावला होता. सुतार, लोहार, कुंभार यांची नुसती हत्यारं घेतली होती, माणसं वगळली होती. अगदीच वगळली नव्हती म्हणा. शिटी वाजवून गाड्या लावून घेणारे आजोबा ते झुंबर बघून म्हणाले, ते चाक त्यांच्याच गाडीचं. विकलं तेव्हा भंगाराच्या भावानं गेलं. त्याला आता खालून वायर जोडलीय याचं त्यांना कौतुक वाटत होतं.

मेनू हातमागाच्या कापडात बांधलेला. पानं उलटताना कळतं की आपण लहानपणापासून काय खात होतो हे आपल्या आईनं आपल्याला नीट सांगितलंच नव्हतं. पिठल्याचं 'स्मोक्ड बेसन पॉट' झालंय. ठेचा 'व्हिलेज ग्रीन चिली क्रश' या नावानं चमचाभर येतो आणि दुसरा चमचा मागितला तर वेगळा आकार पडतो. ताक बरणीत, बरणीला झाकण, झाकणाला भोक, भोकात बांबूची नळी. भाकरीचा भाव तर २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यापासून जो चढला तो उतरलाच नाही. तोवर जी गरिबाची ज्वारी-बाजरी होती ती एका वर्षात मिलेट झाली. पिठलं-भाकरीचं ताट चारशे ऐंशी रुपये, अधिक कर. सोबत कांदा. तो फोडून हवा असेल तर 'लाइव्ह काउंटर'वर एक गृहस्थ आपल्यासमोर बुक्कीनं फोडून देतात. त्याचे व्हिडिओ निघतात.

मालक उत्साही. कोथरूडला राहतात, आयटीत होते, 'मुळांकडे परतले' असं स्वतःच सांगतात. मुळं नेमकी कुठली याचा खुलासा झाला नाही, पण परतले ते सिंहगड रस्त्यावर, कारण प्लॉट तिथे मिळाला. डोक्याला फेटा, अंगात बाराबंदी, पायात करकरत्या कोल्हापुरी. येईल त्याला 'रामराम पाव्हणं!' म्हणतात. वाढणारा पोरगा डोणज्याकडचा. त्याच्या अंगात काळा टी-शर्ट, त्यावर इंग्रजी मजकूर, कानात बिनवायरीचं यंत्र, आणि तो प्रत्येकाला 'हाय सर, वेलकम मॅम' म्हणत होता. दोघांनाही प्रशिक्षण एकाच संस्थेनं दिलं असावं आणि कागद बदलले असावेत.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्या पोराला विचारलं, "किती छान ना रे, रोज असं निसर्गात राहायचं! तुम्हाला आमच्यासारखं फ्लॅटमध्ये कोंडून घ्यावं लागत नाही."

"हो मॅम," तो म्हणाला. "धायरीला बघतोय आम्ही वन बीएचके. लोनचं चाललंय."

बाईंना धक्का बसला. गावातली माणसं अशी गाव सोडून निघाली तर रविवारी आपण बघायचं काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. पोराची आई गडावर दही विकते असंही कळलं. रोज मडक्यांची पाटी घेऊन चढते. तिच्या दह्यात आणि इथल्या 'क्ले-पॉट कर्ड'मध्ये फरक काय, असं मी विचारलं. तो मालकांकडे बघून हळूच म्हणाला, "काय न्हाई सर. इथलं तिच देती सकाळी. वर जायच्या आधी."

येणाऱ्या पाहुण्यांत तऱ्हा फार. एक काका मेनूतला प्रत्येक भाव मोठ्यानं वाचायचे आणि त्यापुढे १९८४ सालचा भाव सांगायचे. तेवढं करून झाल्यावर त्यांनी सगळंच मागवलं. एका कुटुंबानं ड्रोन आणला होता. तो चिंचेत अडकला आणि मग दुपारभर वाढणारी सगळी फौज चिंचेवर. एका तरुण जोडप्याचं लग्नाआधीचं चित्रीकरण चाललं होतं. नियोजित वर भालदारासारखा पोशाख करून बांबूच्या बाजेवर आडवा, नियोजित वधू नऊवारीत, मागे गड. कॅमेरेवाला दर दोन मिनिटांनी ओरडायचा, "सर, थोडं वीर दिसा!" तानाजींनी आधी कोंढाणा आणि मग रायबाचं लग्न असा क्रम लावला होता, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. क्रम अजून तोच आहे. फक्त कोंढाण्यासमोर आता ताशी भाडं लागतं.

सगळ्यात धास्ती असते ती तारे देणाऱ्यांची. पूर्वी सहलीहून आलेला माणूस शेजाऱ्याला चार गोष्टी सांगायचा आणि शेजारी दोन विसरायचा. आता तो बिल यायच्या आधीच फोन काढून न्यायासनावर बसतो. कॅफेला साडेचार तारे आहेत. अर्धा तारा माश्यांमुळे गेला, असं मालक खिन्नपणे म्हणाले. गुरं, शेण, उकिरडा यांतलं काहीही न ठेवता त्यांनी खेडं उभं केलं, तरी माश्यांनी कुठून तरी पत्ता काढलाच. गडालाही लोक तारे देतात. पलीकडच्या टेबलावर एक गृहस्थ बायकोला मोठ्यानं सांगून लिहीत होते: जागा ठीक, चढ अनावश्यक, वर छत नाही, तीन तारे. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री मावळे डोणागिरीच्या कड्यानं वर गेले, तेव्हा कड्याबद्दल अभिप्राय द्यायचा राहून गेला, ती कसर आता भरून निघतेय. गृहस्थ स्वतः वर गेले नव्हते. फोर्ट व्ह्यू टेबलावरून त्यांना एकूण चढाचा अंदाज आला होता.

काकांनी एव्हाना युनेस्कोचा विषय काढला होता, कारण मेनूत 'वर्ल्ड हेरिटेज थाळी' होती. ११ जुलै २०२५ला मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, हे खरं. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी, हेही खरं. शिवनेरी आहे, लोहगड आहे, राजगड आहे. सिंहगड त्यात नाही. काकांनी हे बोटं मोडून सिद्ध केलं आणि थाळीचं नाव बदलायची मागणी केली. मालक डगमगले नाहीत. म्हणाले, "काका, हवा स्वच्छ असली की सिंहगडावरून राजगड दिसतो. आणि आपल्या टेबलावरून सिंहगड दिसतो. म्हणजे नात्यातलंच झालं की!" काकांनी थाळी घेतली.

बिल पितळी पोहऱ्यातून येतं. त्यात ताट, कर आणि खाली एक ओळ: 'ग्रामविकास सहभाग, दहा टक्के'. सेवा शुल्क बिलात सक्तीनं लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२मध्ये बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५च्या मार्चमध्ये ते उचलून धरलं. त्यावर बऱ्याच हुशार माणसांनी रात्री जागवल्या असतील; पण गिऱ्हाइकाकडून सेवेचे पैसे घेणं बंद करून गावाच्या विकासाचे घ्यावेत, ही युक्ती खास इथली. विकास कुठल्या गावाचा, असं मी विचारलं. मालकांनी हात फिरवून ती कमान, तो रहाट, ती बाज दाखवली. "हेच की गाव आमचं!"

खरा तंटा झाला तो फोर्ट व्ह्यूच्या दोनशे रुपयांवरून. श्रावण चालू होता. आम्ही बसलो तेव्हा समोर अख्खा गड होता; पंधरा मिनिटांत ढग उतरले आणि भाकरी येईपर्यंत समोर नुसता पांढरा पडदा. तीन तारेवाल्या गृहस्थांनी दोनशे रुपये द्यायला साफ नकार दिला. "अहो, गड दाखवायचे पैसे घेता ना? मग दाखवा गड!" मालक म्हणाले, पावसाळ्यात ढगही प्रेक्षणीय असतात, काही जण खास ढगांसाठी येतात. गृहस्थ म्हणाले, मग ढगांचं वेगळं कार्ड छापा. फेटा तिरपा झाला. काकांनी १९८४ साली गड फुकट दिसायचा, अशी साक्ष दिली. वाढणारा पोरगा एका बाजूला उभा राहून समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होता, कारण आई उतरायची वेळ झाली होती.

तेवढ्यात वाऱ्यानं ढग जरासा फाटला आणि दूरदर्शनच्या मनोऱ्याचं टोक दिसलं. तटबंदी नाही, दरवाजा नाही, लोकमान्यांचा बंगला नाही, नुसतं टोक. मालकांनी ताबडतोब बोट दाखवलं. गृहस्थांनी चष्मा पुसून खात्री केली. शंभरावर मिटलं.