नाना ग्लास फिरवतात

सत्यनारायणाच्या पूजेत पंचामृताची वाटी हातात आली की माणूस काय करतो? पितो आणि हात डोक्याला पुसतो. आमच्या साडूंनी वाटी तीन बोटांत धरली, मनगटातून तीनदा गरगर फिरवली, नाक आत घातलं, डोळे मिटले आणि गुरुजींना सांगितलं, "मध आधी येतो. तूप मागून येतं आणि रेंगाळतं. केळं मात्र फार पुढे पुढे करतंय."

गुरुजींनी पोथी मिटली. "पुढचा अध्याय घेऊ," त्यांनी विचारलं, "की अजून काही येतंय?"

हे आमचे नाना. तुमच्याकडेही एक असणार. तुमचा कदाचित कॉफीतला असेल, आंब्यातला असेल, नाहीतर गाण्यातला. आमचा वाइनमधला आहे. साडू हे नातं देवाने केलेलं नाही, दोन बहिणींनी केलेलं आहे. त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. नाना थोरल्या बहिणीचे यजमान. सासुरवाडीला पहिलं पान त्यांचं, दुसरं माझं. माझं वरण येईपर्यंत त्यांचं फिरवून झालेलं असतं.

वरण फिरवतात असं नाही. पण जे पातळ आहे आणि भांड्यात आहे, ते नानांच्या हातात सरळ राहत नाही. ताक, सोलकढी, कटाचा ग्लास, उसाचा रस, कफाचा काढा. एकदा चहा बशीत ओतून फिरवला आणि लेंग्यावर घेतला. फिरवून झालं की नाक आत, मग छताकडे बघत थोडी शांतता, आणि मग निकाल. निकाल वर्षानुवर्षं एकच: "पहिल्या पावसाची माती." रेड असो, व्हाइट असो, सोलकढी असो, नानांना सगळ्यातून पहिल्या पावसाची माती यायची.

नाना एका सहकारी बँकेत पस्तीस वर्षं होते आणि खोटी सही ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. चेक उन्हाकडे धरायचा, मान तिरकी करायची, "ही सही ह्याची नव्हे." तोवर वाइनशी संबंध शून्य. एकतीस डिसेंबरला दार लावून दोन पेग, वर बडीशेप. मग निवृत्ती आली, मुलगा फ्रान्समध्ये लिऑनला नोकरीला लागला, नाना तिकडे दोन महिने राहून आले आणि आल्या आल्या त्यांनी दारू पिण्याचा आजीवन परवाना काढला. हा परवाना आपल्याकडे प्रकृती सांभाळण्यासाठी देतात. नानांना हे फार आवडतं. पाकिटात ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डाला चिकटून तो असतो आणि कुणी मागितला नसताना ते दाखवतात. वेटर बिचारे दोन्ही हातांनी घेऊन बघतात. एकाने तर फोटोकडे बघून, साहेब तेव्हा बारीक होते, असंही म्हटलं.

पुण्यातल्या एका रेस्टॉरंटात वेटरने नाशिकची बाटली आणली. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांना आता बूच नसतं, पत्र्याचं फिरकीचं झाकण असतं. बूच असलं तर ते कधी कधी बिघडतं आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, म्हणून आधी घोटभर ओतून बघायला देतात. आवडली का हे विचारायला नव्हे, बिघडली का हे बघायला. हे मला नानांनीच शिकवलं होतं. तरीही त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "आण." वेटरला कळेना. "साहेब, झाकण?" झाकण. नानांनी ते पत्र्याचं झाकण नाकाशी नेलं, डोळे मिटले, मान हलवली आणि परत दिलं. वेटर कोपऱ्यावर गेल्यावर त्याने आधी इकडे तिकडे बघितलं आणि मग स्वतःही ते हुंगलं.

रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी असं पुस्तकात असतं. ती रूम युरोपातली. सोळा ते अठरा अंशांची. सदाशिव पेठेतली एप्रिलमधली रूम नव्हे. म्हणून नाना बाटलीला ओला पंचा गुंडाळून कूलरसमोर ठेवतात. स्वतः घामाघूम होऊन पलीकडच्या खुर्चीत बसतात. ताई म्हणजे माझी मेहुणी एकदा म्हणाली, "माझ्या बाळंतपणात इतकं केलं असतंत तर." नाना म्हणाले, "तू शिराझ नव्हतीस." हा विनोद त्यांना चार दिवस जेवण गरम न मिळण्याइतका महाग पडला.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही चौघं लिऑनला गेलो. त्या गावात 'बूशाँ' नावाच्या जुन्या खाणावळी आहेत: चौकटीचे टेबलक्लॉथ, टेबलाला टेबल खेटलेलं, शेजाऱ्याचं कोपर आपल्या ताटात. पुण्यातल्या सुकांता किंवा दुर्वांकुरला गर्दीच्या रविवारी जेवलेल्या माणसाला तिथे काही नवीन वाटत नाही. वाइन येते ती 'पो' नावाच्या जाड बुडाच्या बाटलीत. तीत ४६ सेंटीलिटर मावतं. नानांमधला बँकवाला जागा झाला. "अर्धा लिटर का नाही? चार सेंटीलिटर कुठे गेले?" त्यांनी बाटली उन्हाकडे धरून बुडाची जाडी तपासली. मग आलं आंदुइयेत. डुकराच्या आतड्यांचं सॉसेज. त्याचा वास आधी येतो आणि ते मागून येतं. मी खुर्ची मागे घेतली. नाना शांतपणे म्हणाले, "सुकट भाजतात त्या घरात आपण भाड्याने राहिलोय," आणि सगळं संपवलं. घरी अंडं चालत नाही. सीमा ओलांडली की आतडीही चालतात.

पण लक्षात राहिलं ते पाणी. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं. नानांचं सगळं फ्रेंच त्या एका वाक्यात सामावलेलं होतं: "यून काराफ दो, सिल वू प्ले." पाण्याची सुरई आली. नानांनी पेल्यात ओतलं. आणि फिरवलं. नाक घातलं. वाढणारी बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि काहीतरी बोलली. शेजारची दोन टेबलं खो खो हसली. नानांचा मुलगा मान खाली घालून म्हणाला, "बाबा, ह्या गावात दोन नद्या आहेत. ती विचारतेय, पाण्याला ऱ्होन लागतेय की सोन?"

"सांग तिला," नाना म्हणाले, "पानशेत."

त्याचं भाषांतर झालं नाही. झालं असतं तर ती टेबलं आमच्या बाजूने हसली असती.

परतताना लिस्बनला दोन दिवस होतो. तिथे बसल्या बसल्या ब्रेड, ऑलिव्ह, चीज समोर आलं. आपल्याकडे कांदा-लिंबू येतं तसंच, असं समजून नानांनी दुसऱ्यांदा मागवलं. तिथे त्याचे पैसे लागतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं असतं. बिल बघून नानांनी मान तिरकी केली. सही मात्र खरी निघाली.

पहिल्या पावसाच्या मातीचा निकाल लागला तो दिंडोरीत. वाइनच्या द्राक्षांचा एक बागाईतदार नानांच्या ओळखीचा. फेब्रुवारीत काढणी चालू होती. नानांनी मणी तोडून नाकाशी नेला. तो म्हणाला, "वास मागून. आधी बी बघा." त्याने मणी चावला आणि बी तळहातावर थुंकली. बी तपकिरी झाली की माल पिकला. हिरवी असेल तर थांबायचं. मग साखर मोजायचं नळीसारखं यंत्र डोळ्याला लावून त्याने ब्रिक्स बघितली, चोवीस. एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची गोडीछाटणी, मधल्या फवारण्या, सगळं सांगून झालं. मग वाइनरीत नानांनी ग्लास फिरवला आणि निकाल दिला: पहिल्या पावसाची माती. बागाईतदार हसला नाही. "नाना, काढणीला पाऊस आला तर आम्ही मातीतच जातो. त्याचं नाव इथे नका घेऊ."

वाइनरीतला तंत्रज्ञ तर अधिकच घाबरला. मातीच्या वासाच्या मागे जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं, बिटालाही तोच वास असतो, आणि वाइनमध्ये तो आला तर दोष समजतात, बहुधा द्राक्षं कुजकी आली असणार. "कुठल्या टाकीतली दिली तुम्हाला?" असं म्हणत तो धावला. म्हणजे नाना इतकी वर्षं प्रत्येक यजमानाच्या प्रत्येक बाटलीला सडकी म्हणत होते, आणि आम्ही दाद देत होतो. हा शोध मी सगळ्या सासुरवाडीत वाटला. मुलीच्या लग्नाचे पेढेही मी इतक्या आवडीने वाटले नव्हते.

माझ्याकडे दारूगोळा आणखीही होता. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांनी वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन लाल रंग घालून दिली आणि त्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. मी हे नानांना ऐकवलं. "विद्यार्थी होते," नाना म्हणाले, आणि फिरवत राहिले.

मग २०२१ चा एप्रिल आला. नाना आणि ताई दोघंही कोविड पॉझिटिव्ह. घरातच राहिले, पंधरा दिवसांत उठले. आम्ही जिन्यात डबे ठेवत होतो. पुढच्या जानेवारीत सरकारने वाइन सुपरमार्केटात विकायची ठरवली आणि वाइन म्हणजे दारू की नव्हे यावर सगळा महाराष्ट्र भांडला. नाना भांडले नाहीत. हे तेव्हाच खटकायला हवं होतं. उलट आम्हाला वाटलं, नाना सुधारले. कारण निकाल बदलला होता. पहिला पाऊस बंद. आता पेरू, लिंबाची साल, काळी मिरी, जांभूळ, ओक. एका ग्लासात चार-चार वास, ओळीने. बायको म्हणाली, "भावोजी आता खरंच शिकले हो."

त्या डिसेंबरात नाना आमच्याकडे जेवायला होते. फ्रिजच्या दारात जागा नाही म्हणून बायकोने उरलेली शेनाँ ब्लाँ सोव्हिन्यॉंच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवली होती. मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. नानांनी बाटली हातात घेतली, चष्मा वर केला, पाठीमागचं लेबल बघितलं. ग्लास फिरवला. छताकडे बघितलं. "ताजं कापलेलं गवत. ढोबळी मिरची. शेवटी लिंबाची साल." लेबलवर हेच होतं, ह्याच क्रमाने. घोट घेतल्यावर मात्र ते थोडे अडखळले. "गोडी जास्त आहे. वेगळा लॉट असेल."

सापडले! खोट्या सह्या पकडणारा माणूस लेबलची नक्कल करताना सापडला. मी त्या रात्री काहीच बोललो नाही. असा माल असा उधळायचा नसतो. सगळे जमतील तेव्हा सांगायचं ठरवलं. लिऑनच्या पाण्यासकट, दिंडोरीसकट, क्रमाने.

संक्रांतीला आम्ही त्यांच्याकडे गेलो. बायका दिवाणखान्यात वाणं मोजत होत्या. नाना स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, हातात रेडचा ग्लास, मनगट चालू. मी बाहेरून आलो तो जिन्यातच मला करपल्याचा वास लागला. ताई ओरडत आत धावली. दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं झालं होतं, धूर खिडकीकडे वळला होता. नाना त्यापासून चार हातांवर बसून छताकडे बघत ग्लास हुंगत होते.

ताईने गॅस बंद केला. काही बोलली नाही. पातेल्यात पाणी ओतलं, तेवढाच आवाज झाला. ती बोलली नाही त्यावरून मला कळलं की तिला माहीत होतं.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी दिवाणखान्यात सांगायला आणलेली गोष्ट तशीच घेऊन खाली बसलो.

"वीस महिने झाले," ते म्हणाले. डॉक्टरांनी चार बाटल्या दिल्या होत्या: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास आठवायचा. त्यांनी त्या कपाटातून काढून दाखवल्या. लवंगेची हातात घेतली आणि, आता हे मी रागाने लिहायला हवं पण जमत नाही, ती बाटलीसुद्धा त्यांनी फिरवली. "ही परवा जराशी आली असं वाटलं. पण चिठ्ठी आधी वाचली होती. नमुना सही समोर असली की कुठलीही सही खरी वाटते."

"मग वाइन कशाला?"

"हात थांबत नाही हो," नाना म्हणाले.

मी कुणाला सांगितलं नाही. तो शोधही कुणाला परत वाटला नाही. फक्त आमच्याकडे आले की मी बाटलीचं लेबल त्यांच्याकडे करून ठेवू लागलो. त्यांनी ते ओळखलं असणार, कारण एकदा त्यांनी बाटली हळूच उलटी वळवून ठेवली.

मे महिन्यात वळीव आला. आम्ही त्यांच्या गॅलरीत होतो. आधी धूळ उडाली, वाळत घातलेल्या पापडांकडे ताई आणि बायको धावल्या, मग टपोरे थेंब. खालच्या मोकळ्या प्लॉटवर माती भिजली. नाना रेलिंगला टेकले, नाक पुढे केलं, डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"आला का?" त्यांनी विचारलं.

"आला."

"कसा आहे?"

मी काय सांगणार? "मातीचा," म्हटलं.

"ते मला माहीत आहे हो. त्यात मी तीस बाटल्या घालवल्यात. पुढे? मागून काय येतंय?"

मी गजांतून मान बाहेर काढली. पाऊस चष्म्यावर आला. मी डोळे मिटले, खरं सांगतो, मनगटही हललं. "खाली कुणीतरी सुके बोंबील भाजतंय."

नाना रेलिंगपासून सरळ झाले. "मग व्हाइट काढू," ते म्हणाले.