मॅडम, आमचा फोन आता दादरला असेल

वहिनी, अहो वहिनी! कढीपत्ता नंतर तोडा, आधी इकडे या कुंपणाशी. हळू बोलते हं, ती आत झोपलीय. परवा भिशीत विषय निघाला म्हणे, आमच्या भाचीच्या खोलीत रात्री एक-एक वाजेपर्यंत दिवा जळतो आणि पोरगी फोनमध्ये बघून हसते. हो, आलं माझ्या कानावर. आपल्या मिलापनगरात बातमी पोचायला वाय-फाय लागत नाही. तर ऐका, मुलगा-बिलगा काही नाही. असता तर बरंच झालं असतं, मुरबाडला माझ्या भावाची एक काळजी मिटली असती. ती कार्डं कापत बसते. पुठ्ठ्याची कार्डं! सांगते, सगळं सांगते.

बी.एड. करतेय ना ती, ठाण्याच्या कॉलेजात. आता दोन वर्षांचं असतं ते, 2015 पासून. पूर्वी वर्षात आटपायचं. त्यात कित्येक आठवडे शाळेत जाऊन शिकवायचं, इंटर्नशिप म्हणतात. तिला मिळाली कल्याणची शाळा. एका अर्थी नशीबच काढलं, सकाळी सगळी डोंबिवली मुंबईकडच्या गाडीला लोंबकळत असते आणि ही उलट्या दिशेला, खिडकीत बसून. शाळेचं नाव नाही घेत, भिंतीलाही कान असतात आणि आपली भिंत तर कमरेएवढीच आहे.

कॉलेजात यांचा नियम काय, तर पाठात तंत्रज्ञान वापरलं पाहिजे. त्याला वेगळे मार्क. आमच्या डी.एड.च्या वेळी साधनं म्हणजे लपेट फळा, फलालीन फलक आणि रात्र रात्र जागून रंगवलेले तक्ते. तक्त्याची गुंडाळी घेऊन लेडीज डब्यात शिरायचं आणि ठाण्याला उतरेपर्यंत हृदयाच्या चित्राचं यकृत झालेलं असायचं. आता गुंडाळी गेली, पेनड्राइव्ह आला. पण पाठ बघायला येणारे तसेच. शेवटच्या बाकावर बसणार, मान वर न करता लिहिणार. मार्क कशाला? तर स्लाइड उडत येते का, अक्षरं गरगर फिरतात का. मुलांना कळलं का, हा रकाना सगळ्यात खाली.

तर पहिल्या पाठाची गंमत. शाळेत प्रोजेक्टर आहे. आहे म्हणजे कपाटात आहे, दसऱ्याचं हळदकुंकू अजून त्याच्यावर. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई बँकेत. तो आला, प्रोजेक्टर निघाला, तर वर्गातला प्लग मागच्या भिंतीला. वायर पोचेना. बाक सरकवले, मुलांना काय, बाक सरकवायचे म्हटल्यावर वर्गाचं कुरुक्षेत्र. शेवटी एकदाचं लागलं, तर खिडकीतून ऊन थेट फळ्यावर! पडदे नाहीत. हिनं स्वतःची ओढणी लावली, दोन मुलींच्या ओढण्या लावल्या, तरी फळ्यावर जे दिसलं ते धुक्यातल्या माळशेज घाटासारखं. तेवढ्यात घंटा झाली. शेरा काय मिळाला? 'साधन सुस्पष्ट नाही.'

रडली घरी येऊन. मी म्हटलं, रडतेस काय, चहा घे.

मग तिला कोणीतरी ते कहूत सांगितलं. नॉर्वेतून आलेला खेळ आहे. पडद्यावर प्रश्न येतो, मुलांनी आपापल्या फोनवर रंगीत चौकोन दाबायचा, पटकन दाबेल त्याला जास्त गुण. कॉलेजात यांनी खेळून बघितला, सगळ्या खुळावल्या. पण शाळेत मुलांना फोन आणायला बंदी, आणि ती असावीच, माझं मत विचाराल तर. ही म्हणाली, वर्गात नको, घरी खेळू दे. मुलांना विचारलं, कोणाकोणाकडे स्मार्टफोन आहे? जवळजवळ सगळे हात वर. खूश झाली! मग हिला काय सुचलं कोण जाणे, विचारलं, आत्ता कुठे आहे तो? एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आमचा फोन आता दादरला असेल."

हसता काय, खरंच तसंच आहे! फोन बाबांच्या खिशात. बाबा सकाळची लोकल पकडून गेले. कोणाचा फोन आईबरोबर ठाण्याला, ती चार घरची कामं करते. एकाचा भिवंडीच्या गोदामात. रात्री नऊ-साडेनऊला फोन घरी येणार, चार्जिंगला लागणार, त्यावर आधी बाबा बातम्या बघणार. त्यात ही व्हॉट्सअॅपवर अभ्यासाची लिंक दुपारी तीनला पाठवणार! मोजणीत मात्र लिहिलं जातं की घरात स्मार्टफोन आहे. आहे हो, पण डब्याबरोबर तोही मुंबईला जातो. आपल्याकडच्या मुलांचं हेच आहे बघा, घरातलं यंत्र लोकलच्या वेळापत्रकानं चालतं.

आठवतं ना, 2020 मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा? लोकल अत्यावश्यक सेवेतल्यांनाच. ज्यांचे बाबा घरी, त्यांचा फोनही घरी. म्हणून तेव्हा ऑनलाइन थोडंफार चाललं तरी. आणि सगळ्यात शहाणपणाचं काय झालं असेल तर ते टिलीमिली. सह्याद्रीवर लागायचं, जुलै 2020 पासून, पहिली ते आठवीच्या पोरांसाठी. एमकेसीएलवाल्यांनी केलं होतं, पुस्तकातलेच धडे, पण घरातल्या वस्तू घेऊन करायचे उपक्रम. तुमची नात डाळ-तांदूळ घेऊन बसायची तेच. टीव्ही कोणी ऑफिसला घेऊन जात नाही, म्हणून ते पोचलं. एवढी साधी गोष्ट.

तर आता कार्डांवर येते. प्लिकर्स नाव आहे त्याचं. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड, त्यावर काळे-पांढरे चौकोन, त्या क्यूआर कोडच्या चुलतभावासारखे. चारी बाजूंना ए, बी, सी, डी, पण इतकी बारीक अक्षरं की शेजारच्याला वाचता येऊ नयेत. बाईंनी प्रश्न विचारायचा, मुलांनी आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून धरायचं. बाई फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवणार, झालं! कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, नावानिशी फोनवर. फोन एकच, तोही बाईंचा. पोरांच्या हातात नुसता कागद. झेरॉक्सचा खर्च आणि पुठ्ठ्यावर चिकटवायचा डिंक, बास. रात्री दिवा जळत होता तो त्यासाठी, सांगा सगळ्यांना. आणि हसत होती ती का, तर यांच्या ग्रुपवर एकमेकींच्या फजितीचे किस्से येतात म्हणून.

पोरं बदमाश असतात हो. पहिल्याच दिवशी एकानं शोध लावला की चौकोनावर बोट ठेवलं तर कॅमेऱ्याला कार्ड दिसतच नाही. उत्तर येत नसेल की बोट. पण फोनवर नाव रिकामं राहतं ना, सापडला.

आता खरी गोष्ट ऐका, त्यासाठीच हाक मारली. आठवीच्या विज्ञानात धाराविद्युत आहे. हिनं फळ्यावर शिकवलं, घट, तारा, दोन सारखे दिवे एकापुढे एक जोडलेले. समजलं का? सगळा वर्ग एका सुरात, "हो मॅडम!" मीही चाळीशी ओलांडेपर्यंत त्या 'हो मॅडम'वर विश्वास ठेवला असता. हिनं कार्डं काढायला लावली. प्रश्न: पहिला दिवा जास्त उजळेल, दुसरा जास्त, दोन्ही सारखे, की एकही नाही? कॅमेरा फिरवला. अर्ध्याहून जास्त वर्गाचं उत्तर, पहिला. का रे? तर म्हणे, करंट आधी पहिल्याकडे जातो, तो थोडा खाऊन टाकतो, उरलेला दुसऱ्याला. पंगतीत जिलबी वाढतात तसं! आणि वहिनी, खरं सांगू का, मलाही तसंच वाटलं होतं.

मग तिनं ते फेट काढलं, कॉम्प्युटरवर प्रयोग करून बघायचं. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठ आहे, तिथल्या कार्ल वायमन नावाच्या नोबेलवाल्या शास्त्रज्ञानं 2002 मध्ये सुरू केलं. फुकट आहे, बरेचसे प्रयोग मराठीतही आहेत, आणि आधी उतरवून ठेवले की नेटशिवाय चालतात. पडद्यावर घट ओढायचा, तार ओढायची, दिवा लावायचा, निळे निळे इलेक्ट्रॉन मुंग्यांसारखे चालताना दिसतात. चुकून नुसती तार घटाच्या दोन टोकांना लावली तर घट पेटतो! त्यावर वर्गानं जी आरोळी ठोकली, बाजूच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. बरं, दोन दिवे लावले, दोन्ही सारखे उजळले. पोरं काय म्हणाली असतील? "मॅडम, हे कॉम्प्युटरचं आहे. खरं नसतं असं."

आली का पंचाईत! मग खरे दिवे आणायला निघाली. आता टॉर्चचे जुने, तारेचे बल्ब मिळतात कुठे? सगळीकडे एलईडी. डोंबिवली स्टेशनजवळची दुकानं पालथी घातली, शेवटी एक मिळाला, आणि दुसरा आमच्या ह्यांच्या जुन्या टॉर्चमधला काढला. दुसऱ्या दिवशी वर्गात जोडले, आणि काय व्हावं? पहिला लख्ख, दुसरा मंद! वर्ग नाचायला लागला, "बघा मॅडम, आम्ही म्हटलं होतं ना!"

मी असते तर गप्प बसून घंटेची वाट बघितली असती. ही पोरगी म्हणाली, थांबा, आता दोघांच्या जागा बदलू. बदलल्या. तर जो मंद होता तो पुढे येऊनही मंदच, आणि लख्ख होता तो मागे जाऊनही लख्खच. म्हणजे आधी कोण, नंतर कोण, याचा संबंधच नाही. दिवेच सारखे नव्हते, दोघांचा रोध वेगळा. एक पोरगं हळूच म्हणालं, म्हणजे पहिला काही खात नाही. परत कार्डं, परत कॅमेरा, आणि या वेळी वर्ग फिरला. सगळा नाही, काही अजून जिलबीवरच अडून बसलेत. ते राहायचेच.

मार्क? विचारू नका! त्या दिवशी निरीक्षक आले होते. शेरा, 'पीपीटी दाखवली नाही. वेळेचे नियोजन हवे.' आता काय बोलायचं? मी म्हटलं, फ्रेम करून लाव तो कागद.

यांच्या कॉलेजात दुसरं एक प्रकरण झालं ते वेगळंच. पाठ टाचण लिहायचा कंटाळा, म्हणून चारचौघींनी ते चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं. मॅडमनी वह्या उघडल्या तर सगळीकडे एकच प्रस्तावनेचा प्रश्न: मुलांनो, सकाळी शेतात गेल्यावर तुम्हाला काय काय दिसते? कल्याणच्या वर्गात एकीनं तो खरंच विचारला, आणि पोरगा उठून म्हणाला, "रस्त्याचं खोदकाम." आमची काही धुतल्या तांदळाची नाही, ती पण विचारते त्याला. पण प्रश्न बनवायला. चूक उत्तरं मुलांना खरी वाटतील अशी दे, म्हणते, आणि मग स्वतः बसून निवडते. ते मला पटलं. चुकीचं उत्तर शोधणं हे बरोबर उत्तरापेक्षा अवघड काम आहे, पेपर काढून काढून माझे केस पांढरे झालेत.

आणि हे सगळं शहरातल्या मोठ्या शाळांचंच असतं असं समजू नका हं. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याला, जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड गुरुजींनी डिजिटल वर्ग उभा केला, तेव्हा आपल्या इकडच्या शाळांत कॉम्प्युटरची खोली कुलूपबंद असायची. लांबलांबचे शिक्षक बघायला जायचे तिथे. सोलापूरकडचे ते डिसले गुरुजी तर तुम्हाला माहीतच आहेत, माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे. पुस्तकावर क्यूआर कोड छापून येतो ना, तो त्यांनी आपल्या शाळेत आधी करून बघितला होता. 2020 मध्ये जागतिक बक्षीस मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे बरोबरच्या नऊ जणांना वाटून टाकले. तुमच्या धाकट्या जावेनं हळदीकुंकवाचं वाणसुद्धा कधी वाटलं नाही, आणि बघा!

पण तो क्यूआर कोड तरी स्कॅन कशानं करणार? फोन दादरला! म्हणून ही काय करते, सरकारच्या दीक्षा अॅपवरचं हवं ते रात्रीच आमच्या वाय-फायवर उतरवून ठेवते. म्हणूनच तुमच्या ह्यांना मॅच अडकत अडकत दिसते, पासवर्ड तुम्ही आमचाच वापरता, मला माहितीय. असू दे, असू दे.

पुढे काय, म्हणता? पुढे टीईटी, मग भरतीची ती टेट, मग पवित्र पोर्टलवर डोळे लावून बसायचं. लागलीच नोकरी तर आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन पूर्वी प्राथमिकला सहा हजार होतं, आता 16 हजार केलंय, माध्यमिकला 18. भाऊ म्हणतो, एवढ्यात डोंबिवलीत खोलीचं भाडं तरी सुटेल का? मी म्हटलं, आत्याचं घर आहे ना.

बरं, मुख्य काम राहूनच गेलं. गुरुवारी तिचा शेवटचा पाठ आहे, त्याच वर्गात, प्लग मागच्या भिंतीला तोच. गणपतीत तुम्ही गेटपर्यंत रोषणाई करता, त्यासाठीची ती लांबलचक एक्स्टेन्शन वायर माळ्यावर असेल ना? आणि दोन जाड चादरी द्या, गडद रंगाच्या, खिडकीला लावायला. फुलाफुलाची नको, पोरांचं लक्ष जातं. बुधवारी रात्रीच काढून ठेवा, सकाळी ती सातच्या आत निघते.